फुलं वसंताची, हिशेब थंडीचा

टोकियोतल्या यासुकुनी मंदिराच्या आवारात मार्च महिन्यात दरवर्षी एका झाडाभोवती गर्दी जमते. झाड चेरीचं आहे आणि दिसायला चारचौघांसारखंच आहे. फरक इतकाच, की जपानच्या हवामान संस्थेने टोकियो शहरासाठी 'नमुना' म्हणून ते नेमलेलं आहे. संस्थेचा अधिकारी येतो, मान वर करून फांदी न् फांदी न्याहाळतो आणि उमललेली फुलं मोजतो. चारच असली तर तसाच परत जातो, टीव्हीवाले कॅमेरे गुंडाळतात. पाच-सहा फुलं उघडलेली दिसली, की तो जमलेल्यांकडे वळून जाहीर करतो, टोकियोत साकुरा उमलली. लोक टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळच्या बातम्यांत हा प्रसंग ठळकपणे दाखवला जातो.

पाच फुलांची बातमी होते, याचं आपल्याला हसू येईल. पण हवामान संस्था १९५३ पासून देशभर ही नोंद ठेवते आहे. पूर्वी काजवा पहिल्यांदा कधी चमकला, बेडूक कधी दिसला अशाही नोंदी होत. अशा एकूण ५७ प्राणी-वनस्पतींवर लक्ष ठेवलं जाई. २०२१ मध्ये त्यांतल्या बहुतेक नोंदी बंद झाल्या, कारण वाढत्या शहरांत ते प्राणी दिसेनासे झाले होते आणि नोंदीसाठी झाडंही मिळेनाशी झाली होती. उरल्या फक्त सहा वनस्पती. त्यांत साकुरा आहेच.

झाड कधी फुलायचं हे कसं ठरवतं आणि त्यात शहराचा हात किती, हे पाहायचं तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टोकियोतून पायी फिरावं. शहराच्या उत्तरेकडच्या कोमागोमे स्टेशनापासून उएनोमार्गे यासुकुनीपर्यंतची वाट नऊ-दहा किलोमीटरची आहे. थांबत थांबत गेलं तर एक दिवस लागतो.

कोमागोमे स्टेशनाच्या बाहेर एक छोटी बाग आहे. पर्यटकांच्या यादीत ती सहसा नसते, पण जगभर 'जपानी चेरी' म्हणून ज्या फिकट गुलाबी, जवळपास पांढऱ्या फुलांचे फोटो फिरतात, त्यांचं माहेर हेच. टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा इथे सोमेइ नावाचं गाव होतं आणि सरदारांच्या वाड्यांतल्या बागांना झाडं पुरवणाऱ्या माळ्यांची इथे वस्ती होती. एकोणिसाव्या शतकात त्यांनी एक नवं झाड बाजारात आणलं. ते झटपट वाढायचं, लहान वयात फुलायचं आणि पालवी फुटण्याआधीच फुलांनी मढून जायचं. त्यांनी ते 'योशिनो' या नावाने विकलं. योशिनो हा नारा भागातला चेरीसाठी प्रसिद्ध असलेला डोंगर. त्या डोंगरावरच्या रानचेरीशी या झाडाचा तसा काही संबंध नव्हता, पण नावावर माल खपतो हे माळ्यांना चांगलं ठाऊक होतं. पुढे उएनोच्या बागेतल्या चेरींचा अभ्यास करताना हे झाड वेगळंच असल्याचं लक्षात आलं आणि १९०० मध्ये त्याचं नाव 'सोमेइ योशिनो' असं ठेवण्यात आलं. विकणाऱ्यांचं गाव आणि विकताना वापरलेलं नाव, दोन्ही त्यात आली.

या झाडाची खरी गोष्ट त्याच्या वंशात आहे. सोमेइ योशिनोला स्वतःच्याच परागकणांनी फळ धरत नाही. दुसऱ्या जातीच्या चेरीशी संकर होऊन बी तयार झालं, तरी त्यातून येणारं रोप आईसारखं नसतं. त्यामुळे ते वाढवायचं एकाच मार्गाने, कलम करून. कोकणात हापूसच्या बाबतीत होतं तेच इथेही. कोय लावून हापूस मिळेल याची खात्री नसते, म्हणून खुंटावर हापूसची काडी बांधायची. जपानभरची सोमेइ योशिनोची झाडं अशीच काडीवरून काडी घेत वाढवलेली आहेत. ती एकाच झाडाच्या प्रती आहेत, हे १९९०च्या दशकात डीएनए तपासणीनेही दाखवून दिलं.

म्हणून तर ती एकदम फुलतात. एका रस्त्यावरची शंभर झाडं एका आठवड्यात पांढरी होतात, कारण त्यांचा स्वभाव तंतोतंत सारखा आहे. संशोधकांच्या दृष्टीने तर हे घबाडच. सगळी झाडं आतून सारखी असतील आणि तरी एक आज फुललं व दुसरं चार दिवसांनी, तर कारण झाडात नसून जागेत असणार. पायी फिरणाऱ्यालाही ते दिसतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, काँक्रीटच्या भिंतीला टेकलेल्या झाडावर फुलं उघडलेली असतात आणि दोन गल्ल्या पलीकडे, इमारतीच्या सावलीत उभं असलेलं तसलंच झाड अजून कळ्यांवर असतं. त्या अर्थाने शहरभर लावलेली ही झाडं म्हणजे शहरभर टांगलेले तापमापक आहेत.

कोमागोमे स्टेशनापासून थोडं दक्षिणेला गेलं, की रिकुगिएन ही १७०२ साली पूर्ण झालेली बाग लागते. फाटकातून आत शिरल्यावर समोरच एक भलंमोठं, झुकलेल्या फांद्यांचं चेरीचं झाड दिसतं. उंची सुमारे १५ मीटर, पसारा त्याहून मोठा. जमिनीपर्यंत ओघळणाऱ्या त्याच्या फांद्या पाहताना धबधब्याची आठवण येते. हे झाड सोमेइ योशिनो नव्हे. ते एदोहिगान जातीच्या कुळातलं, म्हणजे सोमेइ योशिनोचं आजोळकडचं नातलग म्हणावं असं. एदोहिगान ही आई आणि इझू भागातली ओशिमा चेरी हा बाप, असं सोमेइ योशिनोचं घराणं आहे. पानांआधी फुलणं हा गुण आईचा, मोठी फुलं आणि वाढीचा झपाटा बापाचा. जपानी खाऊच्या दुकानांत या दिवसांत गुलाबी भातात गोड सारण भरून वर खारवलेलं पान गुंडाळलेला 'साकुरामोची' मिळतो. ते पान बहुधा बापाचं, ओशिमा चेरीचं असतं. ताज्या पानाला विशेष वास नसतो. मिठात मुरलं, की पेशी मोडतात आणि कूमारिन नावाचं सुवासिक द्रव्य मोकळं होतं. साकुराचा म्हणून जो वास लोक सांगतात, तो बराचसा या पानाचा असतो.

रिकुगिएनचं हे झाड रस्त्यावरच्या चेरींपेक्षा थोडं आधी फुलतं. इतर झाडांच्या कळ्या फुगलेल्या असतात, टोकाला गुलाबी रेघ दिसत असते, तेव्हा हे बहरात आलेलं असतं.

त्या फुगलेल्या कळ्यांचा जन्म मात्र या वसंतातला नाही. चेरीची फुलकळी आदल्या उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास तयार होते. शरद ऋतू येईपर्यंत ती पुरेशी घडलेली असते. हवाही तेव्हा वसंतासारखीच उबदार असते. तरी ती उघडत नाही, कारण पानं तिला उघडू देत नाहीत. दिवस लहान होऊ लागले, की पानांत अॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक तयार होतं, ते कळीपर्यंत पोचतं आणि कळी झोपी जाते. एरवी पानांचा हा बंदोबस्त कुणाच्या लक्षातही येत नाही. तो लक्षात आला २०१८च्या ऑक्टोबरमध्ये. त्या वर्षी जपानला एकामागून एक चक्रीवादळांनी झोडपलं. वाऱ्याने पानं झडली, समुद्राच्या खाऱ्या फवाऱ्याने उरलेली करपली. झोपेचा निरोप देणारी पानंच गेली आणि वर वादळानंतरची हवा उबदार. देशात ठिकठिकाणी ऐन शरदात चेरी फुलली. लोकांना मौज वाटली, पण त्या फांद्यांवर पुढच्या मार्चमध्ये फुलं कमी येणार हे उघड होतं. एका कळीतून फूल एकदाच निघतं.

झोपलेल्या कळीला जाग आणते ती थंडी. ऊब नव्हे. साधारण ५ अंशांच्या आसपासची थंडी पुरेसे आठवडे मिळाली, की कळीवरचा अंमल हळूहळू उतरतो. त्यानंतर ऊब कामाला लागते. म्हणजे आधी हिवाळ्याची हजेरी पूर्ण झाली पाहिजे आणि मगच वसंताचे दिवस मोजायला सुरुवात. आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडल्या नाहीत, तर हापूसचा मोहोर लांबतो आणि बागायतदाराची झोप उडते. संत्र्या-डाळिंबाच्या बागेत बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण देतात. ताण कशाचा, ते झाडागणिक बदलतं. चेरीला तो थंडीचा लागतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसली, की 'मुंबईत चेरी ब्लॉसम' म्हणून फोटो फिरू लागतात. ती झाडं गुलाबी टॅबेबुयाची, मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली. पान गाळून फुलणं एवढंच साम्य. पळस, पांगारा, काटेसावरही तसंच करतात. मुंबईच्या हवेत खरी चेरी लावली, तर तिची झोप कधी पुरी व्हायचीच नाही. भारतातली अस्सल चेरी पाहायची तर हिमालयात किंवा शिलाँगला जावं लागेल, तेही नोव्हेंबरात. तिथली रानचेरी, आयुर्वेदात जिला पद्मक किंवा पद्मकाष्ठ म्हणतात ती, थंडीच्या तोंडावरच फुलते.

जपानमध्ये तारखेचा अंदाज बांधायला एक ठोकताळा वापरतात, '६०० अंशांचा नियम'. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान बेरजेला घेत जायचं. बेरीज ६०० झाली, की टोकियोत फुलं उघडतात. करून पाहण्यासारखा हिशेब आहे. टोकियोत फेब्रुवारीत कमाल तापमान सरासरी ११ अंशांच्या आसपास असतं. २८ दिवसांचे झाले ३०८. मार्चची सरासरी १४ धरली, तर उरलेले २९२ भरायला २१ दिवस लागतात. म्हणजे २१ मार्च. प्रत्यक्षात मार्चचा पूर्वार्ध उत्तरार्धापेक्षा गार असतो, त्यामुळे तारीख थोडी पुढे सरकते. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची टोकियोची सरासरी आहे २४ मार्च. शाळकरी मुलाच्या बेरजेला इतकं जमतं, हे विशेषच. हवामान संस्थेने स्वतः बहराचा अंदाज वर्तवणं थांबवलं आहे. २०१० पासून ते काम खासगी कंपन्या करतात आणि त्यावर हॉटेलांची आरक्षणं ठरतात.

रिकुगिएनकडून उएनोकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माणसांकडे पाहिलं, तर दर दुसऱ्या-तिसऱ्या चेहऱ्यावर मास्क असतो. डोळे लाल, खिशातून कागदी रुमाल डोकावतोय. कोविडच्या आधीपासून मार्चमधलं टोकियो असंच दिसत आलं आहे. परदेशी पाहुणा वर फुलं बघतो, खाली शिंका ऐकतो आणि दोन्हींची सांगड घालून मोकळा होतो, की या लोकांना चेरीची अॅलर्जी असणार.

दोष चेरीचा नाही. तिचे परागकण जड आणि चिकट असतात. ते मधमाशीच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. शिंका येतात त्या सुगी, म्हणजे जपानी देवदाराच्या परागामुळे आणि साकुरा बहरात येते त्या सुमाराला तिला हिनोकी या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाची साथ मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीला लाकूड हवं म्हणून जपानने डोंगरच्या डोंगर सुगीच्या लागवडीखाली आणले. पुढे परदेशी लाकूड स्वस्त पडू लागलं, कापणी रेंगाळली आणि झाडं वयात येऊन मोसमागणिक परागाचे ढग सोडू लागली. सुगीच्या परागज्वराचा पहिला अहवाल १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१९च्या देशव्यापी पाहणीत ४२.५ टक्के लोकांना कुठल्या ना कुठल्या परागाचा त्रास असल्याचं दिसलं. त्यात सुगीचे बाधित ३८.८ टक्के. हा आकडा इतका मोठा झाला, की २०२३ मध्ये सरकारने दहा वर्षांत सुगीच्या लागवडीचं क्षेत्र वीस टक्क्यांनी कमी करण्याचं आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं.

डोळ्यांत भरतं ते फूल बदनाम होतं आणि न दिसणारं सुटतं, असं आपल्याकडेही घडतं. पुण्या-नाशकात शिंका सुरू झाल्या की फुललेल्या झाडाकडे बोट जातं. त्याच्या बुंध्याशी माजलेल्या गाजर गवताकडे कुणी बघत नाही. मोठी, रंगीत, वासाची फुलं कीटकांसाठी असतात. वाऱ्याच्या भरवशावर असलेल्या वनस्पतींना सजायची गरज नसते. त्या फक्त पराग सोडतात, तोही भरमसाट. ज्यांना दरवर्षी ठरावीक मोसमात हा त्रास होतो, त्यांनी फुलं टाळण्यापेक्षा कशाची अॅलर्जी आहे ते तपासून घेणं शहाणपणाचं. जपानी डॉक्टर मोसम सुरू व्हायच्या सुमारालाच औषधं चालू करायला सांगतात, त्रास वाढायची वाट पाहत नाहीत. जिभेखाली ठेवायच्या, सुगीच्या परागापासून बनवलेल्या औषधालाही तिथे २०१४ पासून विमा लागू आहे. मात्र ते काही वर्षं नेमाने घ्यावं लागतं.

उएनोच्या बागेत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. झाडांखाली निळ्या ताडपत्र्या पसरलेल्या असतात. ऑफिसातला सर्वांत नवा नोकर सकाळीच जागा धरून बसलेला असतो आणि वरिष्ठ मंडळी संध्याकाळी डबे घेऊन येतात. 'हानामी' म्हणजे फुलं पाहणं. प्रत्यक्षात खाणंपिणंच जास्त, यावर जपानी लोक स्वतःच विनोद करतात. पण वेळ थोडा असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाच-सहा फुलांपासून ऐंशी टक्के कळ्या उघडेपर्यंत साधारण एक आठवडा जातो. त्यानंतर पाकळ्या गळू लागतात. मध्येच गारठा परतला, तर बहर चार दिवस जास्त टिकतो. त्या गारठ्याला 'हानाबिए', फुलांतली थंडी, असा खास शब्द आहे.

उएनोतून कांदा-जिंबोचोच्या पुस्तकबाजारातून पश्चिमेला गेलं, की कुदानचा चढ लागतो. उजव्या हाताला यासुकुनी, डावीकडे राजवाड्याचा चिदोरिगाफुची हा खंदक. खंदकाच्या काठाने सातशे मीटरची पायवाट आहे आणि सुमारे अडीचशे चेरी पाण्यावर वाकलेल्या आहेत. ब्रिटिश वकील अर्नेस्ट सॅटो यांनी १८९८ मध्ये आपल्या वकिलातीसमोर चेरी लावल्या, तिथून या काठावरच्या लागवडीची सुरुवात झाली असं मानतात. भारताचा दूतावासही याच पायवाटेला लागून आहे. त्यामुळे टोकियोतल्या मराठी माणसाला पासपोर्टच्या कामासाठी मार्चअखेरची तारीख मिळाली, तर तो तक्रार करत नाही.

इथे, नमुन्याच्या झाडाजवळ पोचल्यावर तारखांकडे नीट पाहायला हवं. १९८४ चा मार्च फार गार होता. तेव्हा टोकियोत पहिली फुलं उघडली ११ एप्रिलला. २०२०, २०२१ आणि २०२३ या तिन्ही वर्षी ती उघडली १४ मार्चला. १९८१ ते २०१० ची सरासरी २६ मार्च होती, नव्या तीस वर्षांची २४ मार्च. दरवर्षी तारीख अलीकडेच येते असं नाही. २०२४ मध्ये २९ मार्च उजाडला. पण कल कुठे आहे, हे स्पष्ट आहे. जपानमध्ये शाळा एप्रिलच्या सुरुवातीला भरतात. नव्या दप्तरासह फुललेल्या झाडाखाली उभं राहून काढलेला पहिल्या दिवसाचा फोटो तिथे घरोघरी असतो. आता पुष्कळ वर्षी त्या फोटोत हिरवी पालवी दिसते आणि फुलं मार्चमधल्या निरोप समारंभाच्या वाट्याला जातात.

यातला वाटा पृथ्वीच्या तापण्याचा किती आणि टोकियोच्या काँक्रीटचा किती? दोन्हींचा आहे. मोठ्या शहरांत भिंती आणि रस्ते दिवसभराची ऊब रात्री सोडतात, त्यात वातानुकूलन यंत्रांच्या आणि गाड्यांच्या उष्णतेची भर. याचा परिणाम हिवाळ्याच्या रात्रींवर सर्वांत जास्त होतो. क्योतोबद्दल याचं उत्तर बरंच नेमकं मिळालं आहे, कारण तिथल्या नोंदी विलक्षण जुन्या आहेत. ओसाकातले संशोधक यासुयुकी आओनो यांनी सम्राटांच्या, दरबाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशींतून 'आज फुलं पाहायला गेलो' अशा उल्लेखांचा माग काढत क्योतोतल्या बहराच्या तारखा इसवी सन ८१२ पर्यंत मागे नेल्या. त्या बाराशे वर्षांच्या यादीत २०२१ मधला २६ मार्च सर्वांत लवकरचा ठरला. त्याआधीचा विक्रम १४०९ मधल्या २७ मार्चचा होता. २०२२ मध्ये आओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या गणितानुसार माणसामुळे झालेली हवामानवाढ आणि शहराची ऊब यांनी मिळून क्योतोचा बहर ११ दिवस अलीकडे खेचला आहे. मेजवानीची आठवण म्हणून लिहून ठेवलेली एक ओळ शेकडो वर्षांनी हवामानाचा पुरावा होईल, हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

लवकर फुललं तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. बिघाड दिसतो तो दक्षिणेकडे. तर्क असा, की जितकं दक्षिणेला तितकं उबदार, म्हणून तितकं आधी फुलणार. एकेकाळी ते बरंचसं खरं होतं. पण २०२० मध्ये टोकियोत १४ मार्चला साकुरा उमलली आणि हजारेक किलोमीटर नैर्ऋत्येला असलेल्या उबदार कागोशिमात १ एप्रिलला. तिथे ऊब भरपूर होती, थंडीच पुरी पडली नव्हती. कळ्या अर्धवट झोपेत राहिल्या. अशा झाडावर काही कळ्या उघडतात, काही नुसत्या फुगतात, काही गळून जातात. पहिली फुलं कोमेजतात तरी शेवटची यायची असतात आणि ऐंशी टक्क्यांचा आकडा कधी गाठलाच जात नाही. पॅसिफिकमधल्या हाचिजोजिमा बेटावर काही वर्षी 'पूर्ण बहर' नोंदवताच आला नाही. क्यूशू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्येच इशारा दिला होता, की शतकाअखेरीस दक्षिण जपानच्या काही भागांत सोमेइ योशिनोला पूर्ण बहर येणार नाही. आणखी दक्षिणेच्या ओकिनावात लोक वेगळ्या, गडद गुलाबी जातीची चेरी पाहतात. ती जानेवारीत फुलते आणि तिचा बहर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो, कारण तिथे थंडी ज्याला आधी मिळेल तो आधी फुलतो.

टोकियोचा हिवाळा अजून चेरीला पुरतो. पण सगळी झाडं एकाच झाडाच्या प्रती असल्याने एकाची दुखणी ती सगळ्यांची. फांद्यांवर झाडूसारखे गुच्छ आणणारा बुरशीचा रोग सोमेइ योशिनोला सहज होतो. २०१२ मध्ये आइची प्रांतात लाल मानेचा एक परदेशी भुंगेरा सापडला. आंब्याला लागणाऱ्या भिरुडाचा हा भाऊबंद. अळी खोड आतून पोखरते आणि बुंध्याशी भुसा साठू लागतो. तो टोकियोच्या बाहेरच्या भागांतही पोचला आहे आणि बुंध्याशी भुसा दिसल्यास कळवा, असं आवाहन नगरपालिका नागरिकांना करतात. शिवाय युद्धानंतर लावलेली झाडं आता म्हातारी झाली आहेत. पोकळ खोडं पादचाऱ्यांवर पडू नयेत म्हणून वृक्षवैद्य हातोडीने ठोकून तपासणी करतात आणि धोक्याची झाडं काढली जातात. सोमेइ योशिनोचं आयुष्य साठ वर्षांचं असतं असं सर्रास सांगतात. ते तितकंसं खरं नाही. उत्तरेकडच्या हिरोसाकीच्या बागेत १८८२ मध्ये लावलेलं झाड आजही फुलतं. तो भाग सफरचंदांचा. तिथल्या माळ्यांनी सफरचंदासारखी छाटणी चेरीला लावली आणि झाडं टिकली.

काढलेल्या झाडाच्या जागी आता पुष्कळदा 'जिंदाई आकेबोनो' नावाची चेरी लावतात. तिचा प्रवास गमतीचा आहे. जपानने अमेरिकेला पाठवलेल्या चेरींपासून तिथे एक नवा वाण निघाला, तो परत जपानला आला आणि टोकियोतल्या जिंदाई वनस्पती उद्यानात त्याच्या एका झाडाची फुलं जरा निराळी आढळली. त्या झाडाची ही कलमं. रंग थोडा गडद, बुरशीला चिवट आणि बहर सोमेइ योशिनोच्या जवळपासच. अर्थात तीही कलमंच, म्हणजे पुन्हा एकाच झाडाच्या प्रती.

एप्रिलचा पहिला आठवडा सरला, की चिदोरिगाफुचीच्या पाण्यावर पाकळ्यांची साय धरते. वल्ही मारत जाणाऱ्या होड्यांमागे तिच्यात काळी वाट उमटते आणि थोड्या वेळात पुन्हा मिटते. यासुकुनीतल्या नमुन्याच्या झाडाखाली तोवर एकही कॅमेरा उरलेला नसतो. झाडावर हिरवी पालवी येते आणि जुलैच्या उकाड्यात, त्याच पानांच्या बगलेत, पुढच्या मार्चच्या कळ्या धरू लागतात.